बिनगाठीचं विणकाम

होडीच्या खिळ्यात आबेलार्दोच्या स्वेटरची बाही अडकली. सुटलेला धागा त्याने सहज ओढला, तर तो येतच राहिला. कोपरापर्यंत बाही उसवली, पण कुठे एक गाठ लागेना. बेटावर जन्मभर जाळी विणून हात राठ झालेला माणूस तो. जाळं म्हणजे गाठीच गाठी. मग हे कापड उभं राहतं कशावर?

स्वेटर विणणारी बायको नेल्दा लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. तो मेव्हणीकडे, एर्सिराकडे गेला.

"दाजी, चाळीस वर्षं घालताय, आणि आत्ता बघितलंत?" 'माते' या कडवट पाल्याच्या चहाचा पेला त्याच्या हातात देत ती म्हणाली.

"घातलं. बघितलं नव्हतं. मला शिकव."

तिने वीस टाके घालून दिले. सगळे सुलटे विणायचे, साधा मफलर. रिकामी सुई टाक्यात खुपसायची, धाग्याचा वेढा द्यायचा, तो टाक्यातून ओढून घ्यायचा, जुना सोडून द्यायचा. आबेलार्दोने प्रत्येक टाका करकचून आवळला. दुसऱ्या ओळीत सुई आत शिरेना.

"सैल सोडा. यातून मासा पळणार नाहीये."

चुलीजवळ बसून तो रोज विणू लागला. एका फासातून दुसरा फास, त्याने पहिल्याला धरायचं, स्वतः तिसऱ्याच्या भरवशावर राहायचं. गाठ नव्हती ती यामुळेच. त्याला भारी गंमत वाटली.

बुधवारी एर्सिराकडे नेऊन मोजले तर टाके एकोणतीस. मफलर होडीसारखा फुगत चाललेला.

"उसवा आणि पुन्हा घाला," एर्सिरा म्हणाली.

"पण हे नऊ आले कुठून?"

"येतात. नवशिक्यांचे येतातच."

एवढ्यावर त्याचं समाधान होईना. तो प्रत्येक टाक्यापाशी थांबून ओळ विणू लागला. मधले टाके निमूट जात होते. ओळ संपली, काम उलटं फिरवलं, आणि धागा सुईवरून मागे टाकला, तसा कडेचा टाका वर ओढला गेला. त्याचे दोन्ही पाय, म्हणजे फासाच्या दोन्ही बाजू, सुईवर चढले आणि एकाचे दोन दिसू लागले. तो दोन्ही विणत होता. धागा सुईखालून नेला, तर टाका एकच.

तसाच उठून तो एर्सिराकडे गेला. तिने सुया हातात घेऊन दोनदा करून पाहिलं.

"आई नुसती म्हणायची, धागा खालून घे. का ते मी कधी विचारलंच नाही."

फुगलेला भाग त्याने उसवला नाही. तिथून पुढे तोच मफलर एकोणतीस टाक्यांवर सरळ नेला.

महिन्याने नेल्दा परतली. मफलर उलटासुलटा करून म्हणाली, "हा इथे असा का पसरलाय?"

आबेलार्दोने खुर्ची पुढे ओढली, सुया घेतल्या आणि सांगायला बसला. तिने अजून अंगातला कोटही काढला नव्हता.