परत आलेली चॉकलेटे

मित्रांनो, पाकिटांची तोंडे बंद करणारे मी एक जुने यंत्र आहे. शिलाई यंत्राएवढा माझा आकार. पायपट्टी दाबली की माझे दोन तापलेले ओठ मिटतात आणि पाकीट चिकटते. मला बोलता येत नाही असे लोकांना वाटते. खरे म्हणजे दुसऱ्यांची तोंडे बंद करता करता मला बोलायला सवडच मिळाली नाही.

मला आबांनी आणले. घरामागच्या खोलीत त्यांचा संत्र्याच्या गोळ्यांचा लहानसा कारखाना होता. मला चालवायची त्यांची लेक. तिला सगळेच ताई म्हणत. कामाला बसण्याआधी ती ओल्या फडक्याने मला पुसायची, आणि पाकीट सरळ चिकटले की म्हणायची, "शहाणं गं माझं!" मला मांस नाही, तरी ते ऐकून मूठभर चढायचे.

पुढे आबा गेले आणि कारखाना ताईच्या धाकट्या भावाकडे आला. गोळ्यांत त्याचे मन रमेना. त्याने एक नवे चॉकलेट काढले. त्यात कुठल्याशा जंगली अळंबीचा अर्क होता. "एक तुकडा खा, डोकं शांत!" अशी जाहिरात केली आणि माल हातोहात खपू लागला. पाहुणे आले की भाऊ माझ्या पाठीवर थाप मारायचा. "जुनं आहे, पण खणखणीत!"

मग एकेक बातमी येऊ लागली. कोणी ते चॉकलेट खाऊन जिन्यावरून पडले. कोणाला झटके आले. एक बसचालक स्वतःच्या बायकोलाच ओळखेना. सरकारी अधिकारी आले, त्यांनी विक्री थांबवली आणि दुकानांतला सगळा माल परत मागवून नष्ट करायला सांगितले. खोकी परत आली, माझ्यासमोर छताला टेकली. भावाने काही खोकी अधिकाऱ्यांच्या देखत जाळली. बाकीची माळ्यावर चढवली.

ताईला वाटले, सुटलो एकदाचे. पण एका सकाळी भावाने ती खोकी खाली उतरवली. सोबत नवी कोरी पाकिटे होती. त्यांवर हसणारे अस्वल आणि वेगळेच नाव. अळंबीचा उल्लेख नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही.

"अरे, हा तर परत आलेला माल!" ताई म्हणाली.

"बंदी दुकानात आहे, ताई. मी मोबाईलवर विकतोय."

"खाणार माणसंच ना?"

"तू पायपट्टी दाब. डोकं मला चालवू दे."

ताई उठली, माझी वायर उपटली आणि ती घेऊन स्वयंपाकघरात निघून गेली. दुपारी भावाने नवी वायर आणली आणि तो स्वतःच मला चालवायला बसला.

ताईने विक्रीच्या साइटवर तक्रार केली. चॉकलेटचे पान तिथून निघाले. पण दोन दिवसांत तेच अस्वल दुसऱ्या नावाने तिथेच हसत होते. तिने पुन्हा तक्रार केली, पुन्हा पान निघाले, पुन्हा नवे नाव आले. शेवटी ताई थकली. भाऊ काही थकला नाही.

एका दुपारी दारात एक माणूस आला. त्याच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या आणि हातात अस्वलाचे फाटके पाकीट. कुरिअरवाल्याकडून पत्ता काढत तो आला होता.

"बायकोला झोप लागत नाही म्हणून मागवलं होतं," तो म्हणाला. "मुलीला वाटलं, खाऊ आहे. सगळं संपवलं तिनं. कालपासून उठत नाहीये. मी भांडायला नाही आलो हो. ह्यात काय आहे तेवढं सांगा. डॉक्टर विचारतायत."

भाऊ पाकिटाकडे न बघताच म्हणाला, "आमचं नाहीये हे. पत्ता चुकला तुमचा."

त्या माणसाने माझ्याकडे पाहिले. माझ्या ओठांत तसेच एक पाकीट होते.

ताई आतून धावत आली. तिने सगळे ऐकले होते. "अळंबी आहे त्यात, अळंबी! चला, मीच सांगते डॉक्टरांना." आणि ती त्याच्यासोबत गेली.

परतली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. भावाने विचारले, "काय म्हणाले?"

"फार उशीर झाला म्हणाले. आधी कळलं असतं तर..." एवढे बोलून ताई आत निघून गेली. त्यानंतर ती त्या खोलीत कधी आली नाही.

चौकशी सुरू झाली. कारखान्याला कुलूप लागले. पण त्याआधीच उरलेली खोकी आणि मी भावाच्या एका ओळखीच्याकडे पोचलो होतो. आता मी एका अंधाऱ्या गाळ्यात असते. मला कोणी पुसत नाही. ओठांवर जळक्या प्लॅस्टिकची पुटे चढली आहेत. पाकिटावर अस्वलाच्या जागी ससा आला आहे. आत चॉकलेट तेच आहे.

मित्रांनो, घरी आलेल्या पाकिटावर बनवणाऱ्याचा पत्ता नसेल, आत काय आहे ते लिहिलेले नसेल, तर ते फोडू नका. मोठ्यांना दाखवा. मोठ्यांनी मागवलेले असेल, तरीही विचारा. मला थांबता येत नाही. पायपट्टी दाबली की मला ओठ मिटावेच लागतात. तुम्हाला मात्र थांबता येते.

तरी तुम्ही थांबाल याची मला फारशी आशा नाही. ससा फार गोड काढला आहे.