भाजीच्या प्रश्नांखालचा कागद

मित्रांनो, परीक्षेला जाताना तुम्ही काखेत मारून नेता, त्याच जातीचा मी एक जुना पुठ्ठा आहे. डोक्यावर पोलादी चिमटा, अंगाला तपकिरी रंग. कोणी मला पॅड म्हणतं. काहीही म्हणा, पण आधीच सांगून ठेवतो, मी स्वभावाने भित्रा आहे. आणि काम नेमकं धोक्याचं वाट्याला आलं.

कारखान्यात लाकडाचा भुगा दाबून मला घडवलं. माझे सोबती शाळांत गेले आणि गणिताचे पेपर छातीशी धरून सुखी झाले. मी गेलो पाहणीच्या कचेरीत, एका ताईच्या हाती. घरोघरी जाऊन ती विचारायची, तुम्हाला कुणी मारलं का, धमकावलं का, कुठे, कशावरून? पोलीस चौकीतल्या नोंदी पाहिल्या तर आमचं शहर अगदी गुणी बाळ होतं. ताई म्हणायची, "चौकीत पोचतं ते उतू गेलेलं. आत काय शिजतंय, ते घरात जाऊनच बघावं लागतं." मार किती जणांना बसतो आणि का बसतो, हेच ठाऊक नसेल तर तो थांबवायचा तरी कसा?

तिच्या कामाचा एक नियम होता. बाईला विचारायचं ते ती एकटी असताना. तरी मध्येच कुणी आलं तर? म्हणून माझ्या चिमट्यात दोन कागद असत. वरचा भाजीपाल्याच्या प्रश्नांचा, खालचा खऱ्या प्रश्नांचा. पावलं वाजली की ताई झटकन भाजीवर यायची. सोबतिणी तिला 'भाजीताई' म्हणून चिडवायच्या. तीही हसायची. मला मात्र हसू यायचं नाही, कारण माझा चिमटा सैल होत चालला होता. "अगं, नवा पुठ्ठा घे," असं सांगून सगळ्या थकल्या. ताईचा जीव माझ्यावरच.

एकदा आम्ही एका शिवणकाम करणाऱ्या बाईकडे गेलो. एकच खोली, खिडकीशी शिलाई मशीन, दाराची कडी वाकलेली. थोडं इकडचं तिकडचं बोलून ताईने खालचा कागद वर घेतला.

"वहिनी, घरातल्या कुणी कधी हात उगारलाय का तुमच्यावर?"

मशीन थांबलं. "घरोघरी मातीच्या चुली, ताई," बाई म्हणाली.

ताईने पेन खाली ठेवलं. बाईने ओठ उघडले, आणि तेवढ्यात दार ढकलून तिचा नवरा आत आला. तो ट्रक चालवायचा, पण काम सुटल्यापासून त्याच्या येण्याजाण्याला धरबंध नव्हता.

"आणि पालेभाजी किती वेळा करता?" ताईने विचारलं. कागद कधी पालटला, ते मलाही कळलं नाही.

"काय चाललंय?"

"आरोग्याची पाहणी आहे, दादा."

"मग मला विचारा की. तिला काय कळतंय?" तो स्टुलावर बसला आणि सगळी उत्तरं स्वतःच देऊ लागला. बायकोला कोणती भाजी आवडते, हेसुद्धा त्यानेच सांगितलं. ती मान हलवत राहिली.

मग तो उठला. "बघू, काय काय लिहून नेताय आमच्याबद्दल?" असं म्हणत त्याने माझा कोपरा धरून ओढला.

मित्रांनो, माझी पाचावर धारण बसली. मी मोडेन याची भीती नव्हती. खालचा कागद निसटला असता, तर ताई दाराबाहेर निघून गेली असती. बाईला मात्र त्याच खोलीत राहायचं होतं. होतं नव्हतं ते बळ एकवटून मी चिमटा आवळला. तरी खालच्या कागदाची कड बाहेर डोकावलीच.

"गाजर, कोबी, दूध," तो वाचत होता. "याचा पगार मिळतो होय तुम्हाला!"

बाईला ती कड दिसली. ती पटकन मध्ये आली. "अहो, चहा टाकते. दूध बघा ना जरा, नासलंय का." तो वळला. ताईने मला छातीशी धरलं आणि आम्ही बाहेर पडलो.

कचेरीत साहेब म्हणाले, "अर्धवट राहिलं? मग 'नाही' लिहा."

"साहेब, ती 'नाही' म्हणाली नाही."

"'हो' तरी कुठे म्हणाली? आणि काम सुटलंय त्याचं, डोकं फिरलं असेल."

"काम त्या गल्लीत पुष्कळांचं सुटलंय. सगळे कुठे हात उगारतात? कारण इतकं सोपं असतं तर आपण कशाला हिंडलो असतो? मी 'उत्तर मिळालं नाही' असं लिहिते."

"बेरीज लंगडी होईल हो."

"होऊ दे. खोटी नको व्हायला."

साहेबांनी सुस्कारा सोडून सही केली.

त्यानंतर माझा जीव टांगणीलाच लागला. बाईच्या नवऱ्याला मागाहून संशय आला असेल का? ताई मुद्दाम त्या गल्लीतून जायची. खिडकी बंद असायची, मशीनचा आवाज नसायचा. काही झालं असेल तर ते आमच्यामुळेच, या विचाराने मी आतून पोखरला गेलो.

आणि एका सकाळी मशीन ऐकू आलं. ताईने दार वाजवलं. बाईने गल्लीत दोन्हीकडे पाहिलं आणि आम्हाला आत घेतलं. आत आणखी कुणी असेल म्हणून ताईने जपूनच सुरुवात केली, "वहिनी, फळं किती वेळा खाता?"

बाईने हात पुढे केला आणि वरचा कागद स्वतःच बाजूला सारला.

"हे नको," ती म्हणाली. "खालचं विचारा."

ती बोलत राहिली, ताई लिहीत राहिली. निघताना ताईने तिच्याकडून मदत केंद्राचा नंबर तोंडपाठ करून घेतला, कारण कागद घरात ठेवणं धोक्याचं होतं. त्या केंद्रात ती पुढे गेली का, ते मला कधीच कळलं नाही. ती काळजी अजून सुटलेली नाही.

आता पाहणी फोनवर होते आणि मी कपाटामागे धूळ खात पडलो आहे. मला पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. पण मित्रांनो, तुम्ही विचारलंत आणि कुणी गप्प राहिलं, तर त्याला 'नाही' समजून पुढे जाऊ नका. शेजारी बसा, एकांत मिळाला की पुन्हा विचारा. आणि तुमच्यावरच कुणी हात उगारत असेल, तर कुणीतरी विचारायला येईल म्हणून वाट बघू नका. सगळ्या दारांपर्यंत आम्ही पोचलेलो नाही.