काढून ठेवलेला घास

हेमानं कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसानं कुकीचं मागचं अंग पुसलं, मग मऊ पंच्यानं टिपलं, आणि कुठं ओल राहिली नाही ना हे बघायला तो पंचा स्वतःच्या गालाला लावला. नाक मुरडलं नाही की तोंड फिरवलं नाही. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं.

"झालं हं बाळा. आता डॉक्टर येतील, मग बरं वाटेल माझ्या सोन्याला."

कुकी म्हणजे चपट्या नाकाची पांढरी पर्शियन मांजर. हेमाची एकुलती एक मुलगी लग्न होऊन बंगळुरूला गेली, त्यानंतर ही घरात आली. लाड करायला घरात कुणीतरी हवंच ना. एक म्हातारी होती म्हणा, पण म्हातारीचे लाड करायची आपल्याकडं पद्धत नाही.

ती म्हातारी, म्हणजे हेमाचा नवरा संपत याची आई सोजरबाई, मागच्या खोलीच्या दारात चौकट धरून उभी होती. तिचंही पोट कालपासून ठिकाणावर नव्हतं. सकाळी तिनं तसं सांगितलं तेव्हा हेमा म्हणाली होती, "वयानं होतं, आत्या. थोडं झोपून राहा." आणि ती पंचा शोधायला निघून गेली होती.

"लई पातळ हुतंय का गं तिला?" सोजरबाईनं विचारलं.

"तुम्ही आत जा आत्या. इथं उभ्या राहू नका, तिला त्रास होतो."

सोजरबाई आत गेली नाही. तिला त्या मांजराची काळजी होती आणि भीतीही वाटत होती. मांजर कशानं आजारी पडलं ते या घरात तिला एकटीलाच ठाऊक होतं.

तिची एक जुनी रीत होती. ताट पुढं आलं की पहिला घास काढून ठेवायचा, आणि तो मुक्या जनावराच्या तोंडी पडल्याशिवाय आपण तोंडात काही घालायचं नाही. वारज्यात शेती होती तेव्हा तो गाईला जायचा. मग शेत बिल्डरला गेलं, त्यावर ही इमारत उभी राहिली, आणि ज्या जागी सोजरबाईनं वांगी लावली होती तिथं आता लोकांच्या गाड्या लागतात. गाय अर्थातच सातव्या मजल्यावर आली नाही. तेव्हा ती गॅलरीच्या कठड्यावर कावळ्याला घास ठेवायला लागली. पण हेमानं कबुतरांना वैतागून गॅलरीला जाळी मारून घेतली आणि कावळाही संपला. त्यानंतर म्हातारीनं बरेच दिवस नुसत्या चहा-खारीवर काढले. ताट आत यायचं तसंच बाहेर जायचं.

मग एका दुपारी कुकी शेपटी वर करून खोलीत आली, घास चाटूनपुसून खाल्ला आणि पायांत अंग घासून गेली. तेव्हापासून रोज यायची. सोजरबाई तिला मनी म्हणायची. कुकीला घरचं काही घालायचं नाही, तिला डब्यातलंच खाणं, असा हेमाचा कडक नियम होता, म्हणून हे सगळं चोरून चालायचं. दिवसभरात त्या खोलीत आपणहून येणारं तेवढं एकच माणूस होतं, आणि ते मांजर होतं.

डॉक्टर रझिया इनामदार आल्या. संपतनं दार उघडलं. त्या सोफ्यासमोर फरशीवरच बसल्या, कुकीची कातडी मानेमागं चिमटीत धरून सोडली, हिरड्या बघितल्या, पोट चाचपलं.

"अंगातलं पाणी बरंच गेलंय. काय खाल्लं हिनं? घरातलं, मसाल्याचं, शिळं?"

"छे हो. डब्यातलंच खाते ती. आम्ही वेगळं काही देतच नाही."

"घरात आणखी कुणाचं पोट बिघडलंय?"

"नाही," हेमा म्हणाली.

सोजरबाई दारात होती. तिच्या पोटात मुरडा मारत होता आणि तिनं चौकट घट्ट धरली होती. डॉक्टरांनी तिच्याकडं एकदा बघितलं.

"अंदाजानं औषध देऊन चालणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "कशानं झालं ते कळत नसेल तर मी हिला घेऊन जाते. ही जात नाजूक असते. जगेलच असं नाही सांगत मी."

हेमाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. संपतनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

सोजरबाईला आता दोनच वाटा होत्या. सांगितलं तर मनी तिला तुटणार होती आणि नाही सांगितलं तर मरणार होती. विचार करायला तिला फार वेळ लागला नाही.

"म्या घातलं तिला."

सगळ्यांनी वळून बघितलं.

"काय घातलंत, आजी?" डॉक्टरांनी विचारलं.

"माज्या ताटातला घास. रस्सा-भात व्हता. बोटी तिखट लागंल म्हनून पेल्यात धुतली, मंग घातली."

"कधीचा रस्सा?"

सोजरबाईनं हेमाकडं बघितलं, मग फरशीकडं.

"ऐतवारचा. काल मला वाढला व्हता."

आज गुरुवार होता.

"वास येत नव्हता त्याला?"

"येत व्हता जरा. पर म्हटलं, टाकायचं कशाला."

"म्हणजे तुम्हीपण तेच खाल्लंत."

"व्हय."

संपतनं मोबाईल या हातातून त्या हातात घेतला.

"आईचं पोट एकदम दणकट आहे, मॅडम," तो हसून म्हणाला. "जुनं हाड आहे."

"मी कुठं काय म्हणतेय? मी जनावरांची डॉक्टर आहे."

त्यांनी कुकीला कातडीखाली सलाईन दिलं, एक पावडर दिली आणि काय करायचं ते हेमाला नीट समजावलं. चिकन ताजं आणायचं, नुसतं उकडायचं, मीठ-मसाला नाही. सकाळचं संध्याकाळी द्यायचं नाही. पाणी उकळून गार केलेलं. पोट शेकायचं. एकटं ठेवायचं नाही, जवळ बसायचं. हेमा प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होती.

चपला घालताना डॉक्टर म्हणाल्या, "आजींनाही दाखवा कुणाला तरी."

"हो हो, दाखवतो की," संपत म्हणाला. गेटवर वर्गणी मागायला आलेल्यांना तो याच सुरात 'बघतो की' म्हणायचा.

दार लागल्यावर हेमा उठली. तिचा आवाज चढला नाही, हेमाचा आवाज कधीच चढत नसे.

"जिवावर उठलात तिच्या, आत्या."

"चुकलं बाई माजं. मला वाटलं, जित्राबाला काय हुतंय."

"शिळं वाढलं म्हणून बाहेरच्या माणसासमोर माझी शोभा केलीत, ती वेगळीच. मी लग्न होऊन आले तेव्हा मला काय वाढत होतात तुम्ही? ताजी भाकरी गड्यांना, आदल्या दिवशीची मला. मी मेले का?"

ते खरं होतं.

"आणि गाईला घास जायचा तो ताज्या भाकरीचा," हेमा म्हणाली. "मी चुलीपुढं बसून बघायची. आठवतंय ना?"

"हाय ध्येनात," सोजरबाई म्हणाली आणि आत जाऊन कॉटवर बसली.

संध्याकाळी संपतनं ड्रिल मशीन काढलं. मागच्या खोलीचं दार नीट बसत नव्हतं, नुसतं लोटलं की कुकी डोक्यानं ढकलून आत शिरायची. म्हणून त्यानं बाहेरच्या बाजूनं कडी बसवली. हातात कसब होतं गड्याच्या, कडी अगदी सरळ बसली.

"संपत, अरं आतनं मला कशी उघडायची?" सोजरबाईनं आतून विचारलं.

"तुला कशाला उघडायची, आई? संडास-बाथरूम आतच आहे. काही लागलं तर हाक मार."

"मनी बरी हुईस्तवर ना?"

"बघू," संपत म्हणाला आणि फरशीवरचा भुसा गोळा करायला लागला.

दुसऱ्या दिवशी कुकीनं डोळे नीट उघडले. हेमानं सकाळीच बाजारातून ताजं चिकन आणून उकडलं, बोटांनी रेषा-रेषा सुटी केली, फुंकर घालून गार केली आणि मांडीवर घेऊन तिला भरवलं. पोट पुन्हा बिघडेल म्हणून थोडंच भरवलं. उरलेलं पाणी सूप म्हणून वाटीत काढून ठेवलं. कुकीनं तोंड पुसून घेतलं, खाली उडी मारली आणि सरळ मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन बसली. मग पंजानं दार खरवडायला लागली.

हेमानं तिला उचलून कडेवर घेतलं. दुसऱ्या हातानं सोजरबाईचं ताट घेतलं, कडी काढली, ताट आत सारलं आणि कडी लावली. ताटात कालचा भात होता आणि परवाची गवार.

आत सोजरबाईनं ताट पुढं ओढलं. पोट रिकामं होतं. तिनं वाटीवरची झाकणी उलटी केली, पहिला घास कालवून तिच्यावर ठेवला आणि दाराकडं तोंड करून बसली.

"मने," तिनं हाक मारली. "ये गं."

पलीकडून मांजरानं ओ दिल्यासारखा आवाज काढला.

"नाही हं बाळा," हेमाचा आवाज आला. "तिथं घाण असते."

बऱ्याच वेळानं हेमा ताट न्यायला आली. सोजरबाई भिंतीला टेकून बसली होती. डोळे मिटलेले, ओठ कोरडे. ताटाला हात लागलेला नव्हता.

"अहो," हेमानं बाहेर बघून सांगितलं, "आत्यांनी ताट तसंच ठेवलंय."

"भूक नसेल," बाहेरून संपत म्हणाला. "पोट बिघडलंय म्हणत होती ना. लंघन केलेलं बरंच असतं."

हेमानं ताट स्वयंपाकघरात आणलं. झाकणीवरचा घास तिनं चमच्यानं परत भातात सारला, वर ताटली पालथी घातली आणि ते रात्रीसाठी फ्रिजमध्ये ठेवलं, कुकीच्या सूपच्या खालच्या कप्प्यात.