धुतलेली बाटली

"बाटली कोणी धुतली?"

"कुठली बाटली?"

"सायकलची. आत्ता टेबलावर ठेवलीत ती."

"मीच धुतली. का?"

हे खुर्चीत बसून बुटांशी झटापट करत होते आणि मी बाटली नाकाला लावून उभी होते. लिंबाचा वास नाही, चिकटपणा नाही, तळाशी साखरेचा ओघळ नाही. आता मला सांगा, इतक्या वर्षांच्या संसारात ज्या माणसाने स्वतःचा चहाचा कप कधी विसळला नाही, तो रस्त्यात थांबून बाटली धुईल का? कप उचलून सिंकमध्ये ठेवला तरी यांना वाटतं, आपणच घर चालवतो.

"तुम्ही धुतलीत," मी म्हणाले.

"मला काय हात नाहीत?"

"हात आहेत. सवय नाही."

त्यावर हे टॉवेल खांद्यावर टाकून आंघोळीला गेले. यांचं हे नेहमीचंच. अंगाशी आलं की आंघोळ.

मला स्वस्थ बसता येत नाही, हे मला ठाऊक आहे. लेक सांगते, शेजारीण तर तोंडावर सांगते. पण माझी सगळी नोकरी हॉस्पिटलच्या धुण्याच्या खोलीत गेली. ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे, नळ्या, वाट्या एका दाराने घाण होऊन यायच्या आणि दुसऱ्या दाराने स्वच्छ होऊन जायच्या. मध्ये आम्ही. तिथे आमचा हात थांबला की पुढचं ऑपरेशन थांबायचं. निवृत्त झाल्यावर मला घड्याळ दिलं, हार घातला, भाषणं केली, पण हातांना कोणी काही सांगितलं नाही. ते आपले काम शोधत राहिले. मग यांच्या सायकलच्या बाटल्या त्यांच्या तावडीत सापडल्या.

हे लिफ्ट दुरुस्त करायचे. जन्मभर अंधाऱ्या खड्ड्यात उभं राहून वर बघत काम केलं, म्हणून की काय, निवृत्तीनंतर मोकळ्या रस्त्याचं वेड लागलं. सकाळी सायकलवाल्यांचा एक गट निघतो, त्यात हे सगळ्यांत वयस्कर. पहिली बाटली माझ्या हातात आली तेव्हा मी खोलीतल्या सवयीने ती सरळ कुकरमध्ये घातली आणि शिट्ट्या काढल्या. बाहेर आली ती कंबर धरल्यासारखी वाकडी. हे रागावले नाहीत. तशीच ठोकून सायकलवर बसवली आणि गटातल्या प्रत्येकाला दाखवत फिरले, "आमच्या हिने निर्जंतुक केलीय."

तेव्हापासून शहाणी झाले. कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब, लांब ब्रश आतून, बारका ब्रश टोपणाला. टोपणावरचं वरखाली होणारं तोंड उपटून काढायचं, त्याच्या आत रबराची चकती असते तीही काढायची. काळी बुरशी धरते ती नेमकी तिच्याखाली. मग सगळं सुटं करून जाळीवर उपडं घालायचं. ओल्या बाटलीला टोपण लावलं की दुसऱ्या दिवशी गोणपाटासारखा वास मारते.

आणि बाटली धुता धुता मला यांची सकाळ कळायची. पाणी संपलं असेल तर ऊन लागलं. अर्धं राहिलं असेल तर गप्पाच जास्त झाल्या. बुडाला चिखल असेल तर कुठेतरी खाली पडली आणि मला कळू नये म्हणून यांनी ती शर्टाला पुसली. विचारावं लागत नसे. आज मात्र बाटली मुक्याने आली होती आणि मला ते सहन होत नव्हतं.

आमच्या खोलीत एक नियम होता. दुसऱ्या हाताने धुतलेलं आलं तरी ते न धुतलेलंच धरायचं. मोठ्या सिस्टरनी स्वतः सांगितलं असलं तरी पुन्हा पाण्यात. त्या नियमाने मी ती बाटली पुन्हा धुतली, आणि धुता धुता माझ्या डोक्यात पिवळ्या हेल्मेटवाली आली.

ही बाई गटात नवीन. शाळेत शिकवते म्हणे. हे दोनतीनदा तिच्याबद्दल बोलले होते, ती चढावर कशी दमत नाही आणि काय काय. मला आधी हसू आलं. मग हसू थांबलं. नवीन गोल गळ्याचे टीशर्ट आणले होते यांनी, जन्मभर बटणांचा शर्ट घालणाऱ्या माणसाने. चहा अर्धा कपच दे म्हणायचे हल्ली. वजनाकडे लक्ष. मी एकेक गोष्ट जोडत गेले.

लेकीला फोन लावला.

"आई, बाबांनी बाटली धुतली म्हणून तू मला ऑफिसात फोन केलास?"

"धुतली हाच तर घोळ आहे."

"बरं झालं ना मग. तुझं एक काम कमी झालं."

"मला काम कमी करून मागितलंय का कोणी?"

"आई, जरा बस गं शांत. पुस्तक वाच."

पुस्तक उघडलं. एकच पान किती वेळा वाचलं देव जाणे. उठले, कपाटाच्या काचा पुसल्या, पुन्हा बसले, पुन्हा उठले. दुसऱ्या सकाळी मुद्दाम पाण्यात साखर दुप्पट घातली. नुसती विसळून जाणार नाही इतकी. बाटली परत आली ती लख्ख. मी नखाने टोपणाचं तोंड उचकटून पाहिलं. आत, रबराखाली, साखर तशीच होती. ज्याने कोणी धुतली होती त्याने मन लावून धुतली होती, पण रबर काढायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं.

त्याच्या पुढच्या सकाळी हे निघाले तशी मी मागोमाग जिना उतरले. सायकलच्या मागे चालत जाणं म्हणजे वेडेपणा, हे कळत होतं. निदान कोणत्या बाजूला वळतात ते तरी बघू, एवढंच मनात होतं. गॅलरीतून मला रोज कोपऱ्यापर्यंतच दिसायचे. पाठ ताठ, मान वर. कोपरा ओलांडून मी पाहिलं तर हे सायकलवरून उतरलेले. फुटपाथच्या कडेने सायकल हाताने ढकलत, हळूहळू चालले होते.

पंक्चर असेल म्हटलं. पण पंक्चर झालेला माणूस वाकून चाकाकडे बघतो. हे बघत नव्हते. हे रोजच्या सवयीने चालल्यासारखे चालले होते.

मीही चालले. अंतर ठेवून, बेकरीच्या पाट्यांआडून, बसथांब्याच्या आडोशाने. या वयात नवऱ्याचा पाठलाग, आणि तोही पायी. कोणी ओळखीचं भेटलं असतं तर काय सांगणार होते, कुणास ठाऊक.

मोठं मैदान आहे, त्याभोवती गोल रस्ता. गट तिथे फेऱ्या मारतो. मैदानाच्या फाटकापाशी सार्वजनिक नळ आहे. यांनी सायकल झाडाला टेकवली, पिशवीतून फडकं काढून कठड्यावर अंथरलं आणि नळाशी उभे राहिले. मी रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या टेम्पोमागे.

थोड्या वेळात सायकली आल्या. एकेकजण थांबे, रिकामी बाटली यांच्या हातात देई आणि पुढच्या फेरीला ती भरलेली, कठड्यावरून उचलून नेई. आणि हे रिकामी बाटली धूत होते. आधी वास घेत, माझ्यासारखा. मग दोन थेंब साबण, मग तळहाताने तोंड दाबून खळखळ हलवत, उजेडाकडे धरून बघत, उपडी करून मनगटाने बुडावर थापटत. ते थापटणंसुद्धा माझं. टेबलाशी पेपर घेऊन बसलेला हा माणूस इतकी वर्षं मला बघत होता, आणि मला वाटायचं याचं लक्ष बातम्यांत आहे.

पिवळं हेल्मेट आलं. "काका, माझं टोपण गळतंय हो."

"बघू."

यांनी ते टोपण दोन बोटांत धरलं आणि तेव्हा मला यांचा उजवा हात दिसला. थरथरत होता. थंडीने थरथरतो तसा नाही, आतूनच, लयीत. आटे जुळत नव्हते. लागत, निसटत, पुन्हा लागत. मागचा एक तरुण म्हणाला, "काका, मी लावू?"

"राहू दे," पिवळं हेल्मेट त्याला म्हणालं. "काका लावतील. मला काय घाई आहे?"

आणि ती खरंच थांबली. एक पाय जमिनीवर टेकवून, दुसरीकडे बघत, टोपण बसेपर्यंत.

"परत सायकलवर कधी येताय पण?" त्या तरुणाने विचारलं.

"हात थांबला की येतो," हे म्हणाले. "त्या दिवशीसारखं चालत्या सायकलवरून बाटली तुझ्या चाकाखाली टाकायची नाहीये मला पुन्हा."

गोल गळ्याचे टीशर्ट. अर्धा कप चहा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्यापासून लपवलं? हॉस्पिटलात आयुष्य काढलेल्या बाईपासून? आणि मग टेम्पोला टेकून मी रडले, कारण खड्ड्यात उभं राहून बारीकसा स्क्रू नुसत्या बोटांच्या अंदाजाने बसवणारा हात होता तो. लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांनी दुसरं काही विचारलं नव्हतं. पोराचा हात स्थिर आहे, एवढंच म्हणाले होते.

हे पुढची बाटली धूत होते. रबर न काढता. माझे हात शिवशिवले. चार पावलं टाकली असती तर मी ते सगळं हातातून घेऊन झटक्यात उरकलं असतं. मी तेच करत आले जन्मभर. कोणी हळू काम करताना दिसलं की मला बघवत नाही, मी ओढूनच घेते. माझ्या खांद्यावरच्या पिशवीचे बंद मुठीत आवळून धरले आणि उलटी फिरले.

हे घरी आले ते शीळ घालत. "आज पार टेकडीपर्यंत गेलो."

"वारा होता?"

"समोरचा होता. दमलो."

"दमणारच," मी म्हणाले आणि बाटली घेतली. लख्ख होती. सिंकशी उभी राहून मी ती नियमाप्रमाणे पुन्हा धुतली, आणि त्या नियमाचा मला पहिल्यांदाच राग आला.

दुसऱ्या सकाळी हे दाढी करत असताना मी यांची पिशवी उघडली. तळाशी, फडक्यात गुंडाळलेली गोळ्यांची पट्टी सापडली. काही गोळ्यांची नावं मला न विचारता कळतात. पट्टी होती तशी गुंडाळून ठेवली आणि वर माझा बारका ब्रश ठेवला. ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. तोवर हे बाहेर आले.

त्या सकाळचा प्रत्येक क्षण मला जड गेला. घरात काही पुसायचं राहिलं नाही. हे आले, बाटली टेबलावर ठेवली. पिशवीतून ब्रश काढून तोही बाटलीशेजारी ठेवला. ओला होता. आज आंघोळीला गेले नाहीत. पेपर घेऊन बसले. पान काही उलटेना.

"ते आतलं रबर," पेपरामागून म्हणाले, "कसं काढतेस गं तू?"

"बसा इकडे. दाखवते."

हे आले. मी खुर्ची सरकवली आणि टोपण यांच्यासमोर ठेवलं.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"कुठले डॉक्टर?"

"मला न सांगता ज्यांच्याकडे गेलात ते."

"थांबणार नाही म्हणाले. हळूहळू वाढेल. गोळ्यांनी जरा सावकाश."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू हातातलं सगळंच काढून घेतलं असतंस."

खरं होतं ते.

"तोंड वर ओढा," मी म्हणाले. "नखाने नाही, अंगठ्याने. हं. आता कड दिसतेय ना, तिच्याखाली बोट घाला."

यांचं बोट कडेवर आलं आणि थरथरत घसरलं. पुन्हा आलं, पुन्हा घसरलं. टोपण टेबलावर खडखडत होतं. मी माझे दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसले. खरंच बसले, लहानपणी शाळेत बसवायचे तशी. बाहेर कोणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, ती अखेर सुरू होऊन निघून गेली. हे अजून त्याच कडेवर होते. कपाळावर घाम आला होता. मला काय घाई आहे, असं मी मनात म्हणत होते. जन्मात कधी म्हटलं नव्हतं.

मग रबर निघालं. टुणकन उडून साखरेच्या डब्यामागे गेलं. हे उठले, त्यांनीच ते शोधून आणलं.

पुढचं यांनी सिंकशी उभं राहून केलं. साबण, ब्रश, पाणी. बाटली उजेडाकडे धरून पाहिली आणि माझ्या हातात दिली. मी वास घेतला. यांच्याकडे पाहिलं. आणि ती बाटली तशीच, दुसऱ्या हाताने धुतलेली, जाळीवर उपडी घातली.