ओळीच्या शेवटचा कचरा

मित्रांनो, मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे, आणि आज जरा वैतागूनच बोलणार आहे. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरमध्ये माझी सात वर्षे गेली. डोळ्याच्या पडद्याचा फोटो म्हणजे माझ्यासाठी आकड्यांच्या ओळी. हजारो आकडे मी एका दमात हाताळते.

पण नशिबी आली हमाली! प्रोग्रॅमरताई फोटो माझ्याकडे पाठवायच्या. मी तो स्वच्छ केला की त्यातले आजाराचे डाग मोजायला मुख्य प्रोसेसरकडे न्यायच्या, आणि रंगवायला पुन्हा माझ्याकडे. या येरझाऱ्यांत माझा जीव मेटाकुटीला यायचा आणि बाहेर बाकावर पेशंट ताटकळायचे.

अखेर ताईंनी एक तयार लायब्ररी, म्हणजे इतरांनी आधीच लिहून ठेवलेल्या प्रोग्रॅमचा संच, आणली. मोजणीसुद्धा ती माझ्याकडूनच, एकदम करून घेणार होती. मी हरखून गेले. पण ताईंना घाई! माझ्या मेमरीत प्रत्येक ओळीच्या शेवटी थोडी जागा फोटोविना सुटते आणि तिथे जुने आकडे पडून असतात. हे लायब्ररीला कोणी सांगितलेच नाही. तिने तो कचराही फोटो समजून मोजला. मला कळत होते, पण मला तोंड कुठे आहे?

पहिल्याच पेशंटच्या, एका आजोबांच्या, रिपोर्टवर चाळीस डाग छापून आले. त्यांनी तो कागद फोटो काढणाऱ्या मावशींपुढे धरला.

"म्हणजे आता दिसायचं बंद होणार का हो?"

मावशी तडक ताईंच्या टेबलाशी गेल्या.

"ताई, हा फोटो मी नीट पाहिलाय. डाग दोनच आहेत."

"मावशी, ही लायब्ररी जगभर वापरतात. ती नाही चुकत."

"मग तुम्ही चुकला असाल!"

ताईंचा चेहरा पडला. त्यांनी डागांच्या जागा तपासल्या. अडतीस डाग फोटोच्या रुंदीपलीकडे होते!

"अगं बाई! ओळ कुठे संपते ते सांगायचंच राहिलं."

जेवण बाजूला ठेवून त्यांनी चूक सुधारली. आता लायब्ररी ओळ संपली की उरलेली जागा ओलांडून पुढच्या ओळीवर जाऊ लागली. डाग निघाले दोन. नवा कागद घेऊन मावशी धावल्या, "आजोबा, दोनच आहेत, आणि त्यावर उपचार आहे." तेव्हा कुठे आजोबा घोटभर पाणी प्यायले. ताईंनी त्यांची आणि मावशींची माफी मागितली. माझी कोण मागणार?

असो. मित्रांनो, माझ्या पंख्यावरची धूळ पुसा, ती काळजी हवीच. पण काम सांगताना ते अर्धवट सांगू नका. आम्ही सांगितले तेवढेच करतो. घाबरतो तो बाकावरचा माणूस.