प्रमोदला विचारा

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. मला चेहरा नाही, बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर माझे नाव टाइप केले, की मी कामाला लागतो. बर्मिंगहॅममधल्या एका हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी सकाळी डायलिसिसला येणाऱ्या पेशंटांची यादी मी त्यांना घरून आणणाऱ्या गाडीवाल्यांना पाठवतो.

मला नागपूरच्या प्रमोदने घडवले. मी कामाला चोख, पण बोलण्यात कंजूष. काही अडले की ‘एरर सात’ किंवा ‘एरर बारा’ एवढेच म्हणायचो. कुणी मदत मागितलीच, तर लिहायचो, ‘प्रमोदला विचारा’. प्रमोद शेजारच्याच टेबलावर असे, त्यामुळे कुणाचे काही बिघडले नाही. दहा वर्षे माझे कौतुक झाले आणि खरे सांगतो, मला त्याचा थोडा माजही चढला.

मग प्रमोद नव्या नोकरीसाठी ग्लासगोला गेला. त्याच्या जागी धम्मशीला आली. तिला येऊन दोनच आठवडे झाले होते. एके दिवशी साडेचारला तिने मला चालवले. मी म्हणालो, एरर सात. तिने पुन्हा चालवले, मी पुन्हा तेच. मदत मागितली, तर प्रमोदला विचारा. पाचला गाड्यांचे ऑफिस बंद होणार होते. यादी गेली नाही, तर सकाळी एकतीस माणसे गाडीची वाट बघत घरीच बसली असती. मला कारण ठाऊक होते, पण सांगायला शब्द नव्हते. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

अनोळखी सीनियरला फोन कसा करायचा, म्हणून ती जरा घुटमळली. मग नंबर मिळवून तिने फोन केलाच.

“सर, तुमचा प्रोग्राम एरर सेव्हन देतोय. त्याचा अर्थ काय?”

प्रमोद म्हणाला, “खरं सांगू? मलाच आठवत नाहीये.”

दोघांनी फोनवरच माझा कोड ओळीओळीने वाचला. सात म्हणजे पत्ता रिकामा. आशा नावाच्या आजी मुलीकडे राहायला गेल्या होत्या आणि नवा पत्ता कुणी भरला नव्हता. त्या एका पत्त्यासाठी मी सगळ्यांना अडवून धरले होते. धम्मशीलाने वॉर्डला विचारून पत्ता भरला. पाचला चार मिनिटे असताना यादी गेली.

“त्याला काम शिकवलं,” प्रमोद म्हणाला, “पण बोलायला शिकवायचं राहूनच गेलं. ते आता तू कर.”

तिने केले. आता मी म्हणतो, ‘यादी अजून गेलेली नाही. एकोणिसाव्या ओळीत पत्ता नाही. तो भरा आणि मला पुन्हा चालवा.’ गेल्या आठवड्यात नवी आलेली वरदा माझ्यापुढे अशीच अडली. तिने वाचले, पत्ता भरला, यादी पाठवली आणि चहा करायला निघून गेली.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना घडवाल तेव्हा काय बिघडले ते सांगण्यापुरती भाषा आम्हाला जरूर द्या. तुम्ही शेजारच्या टेबलावर कायम नसणार. प्रमोदची आठवण मला अजून रोज येते. पण आता त्याला विचारायची वेळ कुणावर येत नाही.