डावा हात खिशात

वीबेच्या सगळ्या स्वेटरांचे डावे खिसे फाटलेले असायचे आणि उजवे अगदी दुकानातून आणल्यासारखे. लग्न झाल्यापासून हिस्के ते डावे खिसे शिवत आली होती. "तुझ्यासाठी एकाच खिशाचा स्वेटर विणते, म्हणजे लोकर तरी वाचेल," असं ती दर हिवाळ्यात म्हणायची आणि दर हिवाळ्यात दोन खिशांचाच विणायची.

खिसा फाटायचं कारण साधं होतं. व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या, जुन्या अॅम्प्लिफायरच्या पोटात जो पॉवर सप्लाय असतो, त्यात चारशेच्या वर व्होल्ट खेळत असतात. प्लग काढला तरी कंडेन्सर ती वीज गुपचूप धरून बसतात. एका हातानं काम करताना झटका बसला तर बोट भाजतं, माणूस चार शिव्या हासडतो आणि वाचतो. दोन्ही हात आत असले तर वीज एका हातातून शिरते आणि छातीतून आरपार दुसऱ्या हातानं बाहेर पडते. म्हणून उजवा हात डब्यात आणि डावा खिशात. स्नेक गावातल्या रेडिओच्या दुकानात उमेदवारी करताना वीबे हे शिकला, ते त्याच्या हाडीमांसी खिळलं. चर्चमध्ये तो प्रार्थना अर्धीमुर्धी पुटपुटायचा, पण हा नियम त्यानं कधी मोडला नाही.

दुकान सुटलं तरी काम सुटलं नव्हतं. घरामागच्या शेडमध्ये लोक आपापले जुने डबे घेऊन यायचे. कुणाच्या आजोबांनी स्वतः बनवलेला, कुणी जुन्या बाजारातून उचललेला. वीबे सुकलेले कंडेन्सर काढायचा, नवे भरायचा, सप्लाय दणकट करायचा आणि स्पीकरमधली घरघर बंद करून द्यायचा. काम करताना तोंडाचा पट्टा चालूच. "बघ, बघ या गाढवानं काय केलंय! सगळं सोन्यासारखं जोडलंय आणि अर्थिंगची वायर हवेत! अशा माणसाच्या हातून सोल्डरिंग आयर्न काढून घ्यावं आणि विणकामाच्या सुया द्याव्यात."

"माझ्या सुयांना मध्ये आणू नकोस," हिस्के म्हणायची.

गेल्या वर्षभरात तो चष्मा फ्रिजमध्ये ठेवायला लागला होता. दाराशी आलेल्या माणसाला दोनदा नाव विचारायचा. म्हातारपण आहे, असं म्हणून हिस्केनं ते उडवून लावलं. तिचंही कधी कधी असंच व्हायचं.

त्या मंगळवारी सकाळी ती कॉफी आणि ओरान्येकूकचा, त्याच्या आवडत्या गुलाबी केकचा, एक तुकडा घेऊन शेडमध्ये गेली. वीबे पाठमोरा होता. टेबलावर उघडा अॅम्प्लिफायर, व्हॉल्व्ह तांबूस पेटलेले, म्हणजे वीज चालू. आणि वीबेचे दोन्ही हात कोपरापर्यंत त्या डब्यात होते.

ओरडावं, तर तो दचकणार आणि दचकला तर हात नको तिथे लागणार. धावावं, तरी तेच. प्लग टेबलाच्या पलीकडे, त्याच्या अंगावरून वाकल्याशिवाय हाताला येणार नाही. हिस्के जागीच उभी राहिली आणि रोजच्याच आवाजात, जणू काही झालंच नाही असं बोलली.

"वीबे, कॉफी."

"थांब गं, एवढं झालं की."

"ओरान्येकूक आणलाय. तुला नको असेल तर मांजराला घालते."

"मांजराला? अक्कल गहाण ठेवलीस का!" असं म्हणत त्यानं हात बाहेर काढले, आधी डावा, मग उजवा. दोन्ही शाबूत होते. हिस्केनं ट्रे कुठे ठेवला ते तिलाही कळलं नाही. तिनं त्याला बाजूला सारून प्लग उपटला आणि मग तिथल्याच स्टुलावर मटकन बसली.

"तुझा हात," ती म्हणाली. "हात कुठे होता तुझा?"

"कुठला हात?"

"डावा! खिशात का नव्हता?"

वीबेनं आपल्या डाव्या खिशाकडे पाहिलं. तिनं नुकताच शिवलेला, निळ्या दोऱ्याचा. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं. नजरेत थट्टा नव्हती, लाजही नव्हती. त्याला खरंच काही कळत नव्हतं.

"खिशात कशाला?" तो म्हणाला. "मला थंडी वाजत नाहीये."

चष्मा फ्रिजमध्ये जाऊ दे, नावं जाऊ देत, पण हे कसं जाईल? हे त्याच्यातून गेलं, मग राहिलं काय? तिला रडूही येईना. तो शांतपणे केक खात होता, बोटं चाटत होता.

आणि मग तिला दुसरी गोष्ट आठवली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. गेल्याच आठवड्यात वीबेनं मागच्या गल्लीतल्या येल्मरला त्याच्या आजोबांचा अॅम्प्लिफायर दुरुस्त करून दिला होता. नवे कंडेन्सर, नवी वायर, सगळं. येल्मरच्या घरात रांगतं पोर होतं.

"चल, स्वयंपाकघरात बस, इथे गारठा आहे," ती म्हणाली.

"मघाशी तर मी म्हटलं की थंडी..."

"मला वाजतेय!" ती खेकसली. तो निमूट उठला. तिनं शेडला कुलूप लावलं, किल्ली कोटाच्या खिशात टाकली आणि डोक्याला रुमाल न बांधता तशीच निघाली.

येल्मरची बायको नीन्के हिनं दार उघडलं. आत गाणं चालू होतं.

"या ना काकू! ऐकताय का, काय सुरेख वाजतोय! घरघर नावाला नाही. वीबेकाकांच्या हाताला तोड नाही."

"वाजतोय ना नीट? बाकी काही?"

"काही नाही. आवाज वाढवताना बोटांना बारीक झिणझिण्या येतात, तेवढंच. येल्मर म्हणतो, जुन्या वस्तूंचं असंच असतं."

हिद्दे, त्यांचं पोर, गालिच्यावरून त्या लोखंडी डब्याच्या दिशेनं रांगत चाललं होतं, नुकतीच चोखलेली ओली मूठ टेकवत. हिस्केनं नीन्केला जवळजवळ ढकलूनच खोली ओलांडली आणि प्लग खेचला. गाणं मध्येच तुटलं. हिद्देनं भोकाड पसरलं.

"काकू! काय झालं?"

"काही नाही गं. वीबेचा एक कंडेन्सर बदलायचा राहिलाय. आता आठवलं त्याला." ती खोटं बोलली. "मी घेऊन जाते. तुझी बाबागाडी दे जरा, हा धोंडा मला उचलवणार नाही."

नीन्के हसून म्हणाली, "सांभाळून न्या हो, आजोबा आहेत त्यात!" हिस्केला हसू आलं नाही. बाबागाडीत चादरीखाली अॅम्प्लिफायर घेऊन ती गल्लीतून चालली, तेव्हा खिडकीखिडकीतले पडदे हलले. हलू देत, ती मनात म्हणाली.

घरी पोचल्यावर तिनं वीबेला परत शेडमध्ये नेलं. तिच्यानं तो डबा उघडला नसता, आणि काय चुकलंय ते कळल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं. सोल्डरिंग आयर्न तेवढं वीबेनं सवयीनं तापत लावलं. अॅम्प्लिफायरचा प्लग तिनं मुठीत धरून ठेवला.

वीबेनं झाकणाचे स्क्रू काढले. लाकडी दांड्याला बांधलेला रेझिस्टर घेऊन एकेका कंडेन्सरची वीज आधी काढून टाकली, मग मीटर लावून पुन्हा खात्री केली. आणि हिस्केनं पाहिलं, त्याचा डावा हात खिशात होता. आपोआप गेला होता. क्षणभर तिला वाटलं, सकाळचं आपल्यालाच भासलं असावं.

"सोल्डरचे डाग बघ काय सुरेख दिलेत," वीबे आत वाकून म्हणाला. "माणूस शिकलेला आहे हं. हे असं आजकाल कुणी..." मग तो थांबला. त्याचा चेहरा लाल झाला. हिरवी-पिवळी वायर त्यानं चिमट्यानं उचलून दाखवली. तिचं टोक सोललेलं, लखलखीत, आणि कशालाच जोडलेलं नव्हतं.

"अर्थिंग हवेत! आणि जुना ट्रान्सफॉर्मर, वीज डब्यात झिरपतेय. अगं, कुणी ओल्या हातानं शिवलं असतं तर? कुणाच्या घरातला आहे हा?"

"येल्मरच्या."

"पोर आहे ना त्यांना?" वीबे खाली बसला. खराखुरा हादरला होता तो. "कुणी केलं हे काम? नाव सांग मला त्या गाढवाचं!"

हिस्केनं त्याच्याकडे पाहिलं. तो खरंच विचारत होता. त्या सुरेख डागांकडे बघूनही त्याला आपला हात ओळखू आला नव्हता.

"नाव नाही सांगता येणार," ती कशीबशी म्हणाली. "चांगला माणूस आहे."

"असू दे चांगला! त्याच्या हातून आयर्न काढून घ्यायला हवं, आजच्या आज. यात दया दाखवायची नाही, हिस्के, पोरं मरतात अशानं. तू ओळखतेस ना त्याला? मग वचन दे मला."

हिस्केनं मुठीतला प्लग टेबलावर ठेवला.

"देतेस ना?"

"दिलं," ती म्हणाली, आणि पुढे होऊन तिनं सोल्डरिंग आयर्नचा प्लग भिंतीतून काढला.